थडग्यांचे वाचन : मेस्रोब सेठ आणि आर्मेनियन स्मृती

१/
गंगापूर तालुक्याच्या शेजारी खुलताबाद तालुका आहे. तिथल्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली, औरंगजेबाची साधी कबर आहे. ती पाहायला जाणाऱ्या तरुणांना दख्खनची प्रदीर्घ मोहीम ठाऊक असते, छत्रपती संभाजी महाराजांचे बलिदान ठाऊक असते, दारा शुकोहचा शेवटही ठाऊक असतो. दाराच्या निकटचा एक नग्न फकीर मात्र सहसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. त्याचे नाव सरमद. १६६१ च्या सुमारास, औरंगजेबाच्या राजवटीत, दिल्लीत त्याचा शिरच्छेद झाला. आजचा धागा सरमदपासून सुरू होतो, पण तो आहे त्याच्यावर एक प्रकरण लिहिणाऱ्या संशोधकाचा.

२/
सरमद मूळचा इराणातील काशानचा व्यापारी. सिंधमधील ठठ्ठा येथे आल्यावर त्याने व्यापार सोडला आणि विरक्ती पत्करली. तो ज्यू कुळातला होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. परंतु १९३७ साली कलकत्त्यात प्रसिद्ध झालेल्या एका जाडजूड इंग्रजी ग्रंथात सरमदला आर्मेनियन कवी म्हणून स्थान दिले आहे. ग्रंथकाराचे नाव मेस्रोब जेकब सेठ. सेठ यांचा हा दावा पटो वा न पटो, विचार करण्याजोगा प्रश्न निराळा आहे. साडेतीनशे मैलांवरच्या नव्हे, पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका फकिराला ‘आमचा’ म्हणण्याची निकड एखाद्या संशोधकाला का वाटावी?

३/
उत्तरासाठी आर्मेनियन लोकांचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. अरारात पर्वताच्या परिसरातला हा प्राचीन समाज. परंपरेनुसार इ. स. ३०१ मध्ये त्यांच्या राजाने ख्रिस्ती धर्म हा राज्याचा धर्म केला. इ. स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स या विद्वानाने त्यांच्या भाषेसाठी स्वतंत्र ३६ अक्षरांची लिपी घडवली. पुढे राज्य गेले, प्रदेश इराणी आणि उस्मानी सत्तांमध्ये वाटला गेला, तरी लिपी आणि चर्च टिकले. मेस्रोब सेठ यांचे नाव त्याच लिपीकाराच्या नावावरून आलेले आहे. राज्य हरवलेल्या समाजात लिपीकाराचे नाव मुलाला ठेवले जाते, यात बरेच काही आले.

४/
१६०४-०५ साली इराणचा शाह अब्बास पहिला आणि उस्मानी साम्राज्य यांच्यात युद्ध पेटले होते. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून शाहने अरास नदीकाठचे जुल्फा हे संपन्न आर्मेनियन शहर रिकामे करवले. हजारो माणसे नदी ओलांडून इराणच्या आत हाकलली गेली. कित्येक जण नदीत आणि वाटेत दगावले. जे वाचले त्यांच्यापैकी जुल्फावाल्यांना इस्फहानजवळ नवी वसाहत मिळाली. तिचे नाव त्यांनी ‘नवे जुल्फा’ ठेवले. रेशमाच्या व्यापाराने ही वसाहत जगभर पोहोचली, आणि तिथूनच बहुसंख्य आर्मेनियन व्यापारी हिंदुस्थानात आले.

५/
सुरत, आग्रा, मद्रास, चिन्सुरा, कलकत्ता, मुंबई : जिथे बाजारपेठ तिथे आर्मेनियन पेढी. १६८८ साली लंडनमध्ये खोजा फानूस कलंतर यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी आपल्या समाजाच्या वतीने करार केला. कंपनीच्या ज्या गावात चाळीस वा अधिक आर्मेनियन राहतील तिथे त्यांना चर्च बांधून देण्याचे कलम त्यात होते. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘अझ्दरार’ १७९४ साली मद्रासमध्ये निघाले. मुंबईच्या फोर्टात मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या नगिनदास मास्टर मार्गावर, १७९६ साली सेंट पीटरचे आर्मेनियन चर्च उभे राहिले. जवळच्या गल्लीला आर्मेनियन लेन हे नाव पडले. त्या गल्लीतून रोज हजारो मराठी माणसे जातात.

६/
मेस्रोब सेठ यांचा जन्म १८७१ साली नव्या जुल्फात झाला. शिक्षणासाठी ते कलकत्त्याला आले. तिथे १८२१ पासून आर्मेनियन मुलांसाठी महाविद्यालय चालू होते. पुढे सेठ स्वतः अभिजात आर्मेनियन भाषेचे अध्यापक झाले आणि कलकत्ता विद्यापीठाचे त्या भाषेचे परीक्षकही झाले. त्यांच्या हाती ना संस्थान होते, ना दप्तरखाना, ना मोठा आश्रयदाता. होती ती दोन साधने : जुनी आर्मेनियन लिपी वाचता येणारी नजर, आणि दफनभूमीत तासन्‌तास बसण्याची चिकाटी.

७/
१८९४ साली कलकत्त्याच्या नाझरेथ चर्चच्या अंगणात त्यांना एक काळपट शिळा वाचता आली. हे चर्च १७२४ चे. शिळा रेझाबीबी नावाच्या स्त्रीची होती आणि तिचा पती सुकियास हा दानशूर गृहस्थ असल्याचे तीवर नोंदले होते. वर्ष मात्र फक्त ‘१५’. हे कोणते वर्ष? नव्या जुल्फाचे व्यापारी आपल्या पत्रांत आणि हिशेबांत अझारिया या विद्वानाने सुरू केलेली कालगणना वापरत. तिचा आरंभ १६१५-१६ मध्ये होतो. तिचे पंधरावे वर्ष म्हणजे १६३०. सेठ यांनी महिना आणि दिवस जुळवून तारीख काढली : ११ जुलै १६३०.

८/
या वाचनाचा अर्थ मोठा होता. जॉब चार्नॉकने १६९० मध्ये कलकत्ता वसवले, असे तेव्हा शाळेत शिकवले जात असे. त्याच्या साठ वर्षे आधी तिथे एक आर्मेनियन स्त्री पुरली गेली असेल, तर वस्तीचा इतिहास कंपनीच्या आधीपासून मोजावा लागतो. ही तारीख सर्वांनी मान्य केलेली नाही. शिळा दुसरीकडून आणली असावी, वर्ष वेगळे वाचावे, अशा शंका अभ्यासकांनी घेतल्या आहेत आणि त्या घेणे योग्यच आहे. पण वाद होण्यासाठीही आधी कुणीतरी शिळेवरचा थर पुसून अक्षरे कागदावर उतरवावी लागतात.

९/
हाच काळ महाराष्ट्रात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ चा. राजवाडे वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या दुकानांतून मोडी कागद वाचवत गावोगाव पायपीट करीत होते, तेव्हा सेठ आग्रा, सुरत, चिन्सुरा येथील थडगी टिपत होते. दोघांची भाषा वेगळी, साधने वेगळी, खटपट एकच. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. राजवाड्यांचा समाज आपल्या भूमीवर उभा होता. सेठ यांचा समाज चार खंडांत विखुरलेला होता, आणि त्याचे दप्तर म्हणजे मुख्यतः त्याची थडगी.

१०/
आर्मेनियन परंपरेत नोंदीला पुण्यकर्माचा मान आहे. मध्ययुगीन लेखनिक पोथी उतरवून झाल्यावर शेवटी आपले नाव, गाव, साल, त्या वर्षीचा दुष्काळ, लढाई, लुटालूट असे सगळे लिहीत आणि वाचणाऱ्याने आपली आठवण ठेवावी अशी विनंती करीत. मराठी पोथ्यांच्या शेवटी येणाऱ्या समाप्तिलेखासारखाच हा प्रकार, पण अधिक विस्तृत. अशा हजारो स्मरणलेखांतून आज त्या समाजाचा इतिहास उभा करता येतो. सेठ या परंपरेचे शेवटच्या काळातले लेखनिक म्हणता येतील. फरक इतकाच की त्यांनी पोथीऐवजी दगड उतरवले.

११/
हिंदुस्थानातील आर्मेनियनांवरचे त्यांचे पहिले इंग्रजी पुस्तक १८९५ साली निघाले. त्याच सुमारास, १८९४ ते १८९६ दरम्यान, उस्मानी साम्राज्यात सुलतान अब्दुल हमीद दुसरा याच्या कारकिर्दीत आर्मेनियनांच्या कत्तली झाल्या. १९०९ साली अदाना प्रांतात पुन्हा हत्याकांड झाले. कलकत्त्यात जुन्या व्यापाऱ्यांची नावे जुळवली जात होती, तेव्हा अनातोलियात जिवंत माणसांची नावे पुसली जात होती. सेठ यांची दोन प्रमुख पुस्तके १८९५ आणि १९३७ ची. त्यांच्यामधल्या बेचाळीस वर्षांत त्यांच्या समाजाचा पश्चिमेकडचा अर्धा भाग मायभूमीवरून नाहीसा झाला.

१२/
२४ एप्रिल १९१५ रोजी इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक, पत्रकार, धर्मगुरू, वकील यांची धरपकड सुरू झाली. आधी समाजाची नोंद ठेवणारी माणसे उचलली गेली, हे विसरू नये. त्यानंतर गावेच्या गावे सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलली गेली. पुरुषांना बहुधा आधीच ठार केले जाई. स्त्रिया, मुले, वृद्ध भूक, रोग आणि हल्ल्यांनी वाटेत मरत. मृतांचे अंदाज ६ लाखांपासून १५ लाखांपर्यंत जातात. तुर्कस्तान आजही याला वंशसंहार म्हणण्यास नकार देतो. बहुसंख्य इतिहासकार मात्र तोच शब्द वापरतात.

१३/
या वाळवंटाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढणारी सहावी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणून ओळखली जाई. तिच्यात इतर पलटणींबरोबर १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून ही फौज कुत-अल-अमारा येथे वेढली गेली. घोडी-खेचरे खाण्याची वेळ आली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. त्यात बहुसंख्य हिंदी शिपाई आणि बाजारबुणगे होते.

१४/
कैद्यांना वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेले गेले. हिंदी कैद्यांपैकी अनेकांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. आजच्या सीरिया-तुर्कस्तान सीमेवरचे हे ठिकाण. हद्दपार आर्मेनियनांची मोठी छावणी इथेच होती आणि १९१६ च्या वसंतात तिथे भीषण कत्तली झाल्या होत्या. कैदी वाटेने आले ते ओस पडलेली आर्मेनियन घरे आणि प्रेते पाहत. उरलेल्या निराधार स्त्रिया आणि अनाथ मुले त्यांच्या आसपास होती. सातारा-रत्नागिरीकडून निघालेला शिपाई वंशसंहाराच्या ऐन मध्यावर येऊन उभा राहिला होता, आणि त्या गोष्टीला तेव्हा कोणत्याही भाषेत नाव नव्हते.

१५/
त्या कैद्यांतल्या एका तरुणाने हे लिहून ठेवले. शिशिर सर्वाधिकारी हा बंगाल अँब्युलन्स कोअरचा स्वयंसेवक. कैदेत त्याने रोजनिशी ठेवली, ती सापडू नये म्हणून पाने फाडून बुटात लपवली आणि पुढे पुन्हा उतरवून काढली. तिच्या आधारे ‘अभि ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक १९५० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे घटनेनंतर चाळीस वर्षांनी छापले गेले. तेही अनेक दशके विस्मृतीत राहिले. अमिताव घोष आणि शंतनू दास यांच्या लेखनामुळे ते जगापुढे आले. आर्मेनियनांच्या यातनांचा एक महत्त्वाचा साक्षीदार अशा रीतीने हिंदी भूमीवरचा निघाला.

१६/
आपल्याकडे त्या युद्धाचे स्मारक बहुधा एका दगडी पाटीच्या रूपात भेटते. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कोकणातील अनेक गावांत अशी पाटी आहे : या गावातून महायुद्धासाठी इतके जण गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बहुतेक पाट्यांवर आकडा आहे, नावे नाहीत. रेझाबीबीच्या शिळेशेजारी ही पाटी मनाने ठेवून पाहावी. एका शिळेवर एका सामान्य स्त्रीचे नाव आणि तिच्या पतीचा चांगुलपणा आहे. दुसरीवर सरकारने केलेली मोजदाद आहे. चारशे वर्षांनी कुणाशी बोलता येईल, हे शिळा घडवतानाच ठरते.

१७/
१९३७ साली सेठ यांनी आयुष्यभराचे काम सहाशेहून अधिक पृष्ठांत एकत्र केले आणि ते स्वतःच प्रकाशित केले. मुघल दरबारातील आर्मेनियन, मीर कासिमचा सेनापती गुर्गिन खान, १७१७ च्या फर्मानासाठी कंपनीच्या वकिलातीबरोबर गेलेला खोजा सरहद, मद्रासचे मुद्रक, मुंबई-सुरतेची चर्चे, सरमद : सारे त्यात आहे. दोषही आहेत. दंतकथेला ते कधी कधी इतिहासाचा दर्जा देतात. कुणी आर्मेनियन असण्याची शक्यता दिसली की ते निर्णय लवकर करतात. आजचा अभ्यासक हे पुस्तक तपासून वापरतो. पण त्यांनी उतरवलेल्या शिलालेखांसाठी त्याला पुन्हा पुन्हा त्याच पुस्तकाकडे यावे लागते.

१८/
सेठ १९३९ साली वारले. राफेल लेमकिन या पोलिश-ज्यू विधिज्ञाने ‘जेनोसाइड’ हा शब्द १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. आर्मेनियनांचा संहार हे त्याच्या विचाराला चालना देणारे एक उदाहरण होते. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने वंशसंहारविरोधी करार संमत केला. आपल्या लोकांवर जे कोसळले त्याला कायद्याने दिलेला शब्द सेठ यांच्या वाट्याला आला नाही. त्यांनी जन्मभर त्या गोष्टीच्या उलट काम केले. संहार नावे पुसतो, त्यांनी नावे वाचली.

१९/
पुढच्या पिढीत हे काम दगडांकडून आवाजांकडे वळले. इजिप्तमध्ये जन्मलेल्या आणि १९४७ साली कुटुंबासह सोव्हिएत आर्मेनियात आलेल्या वेर्झिने स्वाझल्यान यांनी १९५५ मध्ये, विद्यार्थिदशेतच, संहारातून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आणि गाणी टिपायला सुरुवात केली. त्या काळी तिथे या विषयावर उघड बोलणेही सोपे नव्हते. पन्नासहून अधिक वर्षे त्या गावोगाव, घरोघर जात राहिल्या. त्यांच्या संग्रहात ७०० साक्षी आहेत. वाचलेला माणूस एकदा मेला की त्याचे वाचणे कुणाला सांगता येत नाही. स्वाझल्यान यांनी आयुष्यभर त्या मुदतीशी शर्यत केली.

२०/
आणि मूळचे जुल्फा? शाह अब्बासने रिकामे करवलेल्या त्या शहराची दफनभूमी अरासकाठी उभी होती. कोरीव क्रुसांचे हजारो उभे दगड तिथे होते. आज तो भाग अझरबैजानच्या नखचिवानमध्ये येतो. १९९८ पासून तिथले दगड हटवले जाऊ लागले. डिसेंबर २००५ मध्ये सैनिक घणांनी उरलेले दगड फोडत असताना नदीपलीकडच्या इराणी काठावरून चित्रण झाले. उपग्रहाच्या छायाचित्रांत नंतर ती जागा सपाट दिसते. अझरबैजान सरकार हे नाकारते. अर्गाम अयवाझ्यान या स्थानिक संशोधकाने १९६० च्या दशकापासून तिथले दगड छायाचित्रांत टिपून ठेवले होते. आज ती दफनभूमी मुख्यतः अशा छायाचित्रांत आहे.

२१/
मेस्रोब सेठ यांच्या कामाचा अर्थ इथे पूर्ण कळतो. वाचणे दोनदा घडावे लागते. पहिल्यांदा देह वाचतो, नदी ओलांडून, वाळवंट ओलांडून. दुसऱ्यांदा नाव वाचावे लागते, आणि त्यासाठी अक्षर ओळखणारा कुणीतरी लागतो. कोलकात्यात आज आर्मेनियन समाज अगदी मोजका उरला आहे. महाविद्यालय चालू आहे, इराण-आर्मेनियाकडून मुले तिथे शिकायला येतात. रेझाबीबीची शिळा चर्चच्या अंगणात आहे. तिची तारीख चुकीची ठरली, तरी तिचे नाव आता पुसले जाणार नाही.

२२/
गंगापूर तालुक्यात गोदावरीकाठी कायगाव टोका आहे, जुनी मंदिरे आहेत, घाट आहेत. मराठवाड्याच्या असंख्य गावांत वेशीबाहेर वीरगळ उभे आहेत. कुणी त्यांना शेंदूर लावतो, कुणी त्यावर धुणे आपटतो, रस्ता रुंद करताना एखादा मुरुमाखाली जातो. घरांच्या कोनाड्यांत मोडी कागद आहेत, कबरींवर फारसी ओळी आहेत, आणि ते वाचू शकणारे म्हातारे एकेक करून जात आहेत. १८९४ साली तेवीस वर्षांचा एक शिक्षक कलकत्त्यात एका शिळेसमोर बसला होता. त्याच्यापाशी वही, पेन्सिल आणि एका लिपीचे ज्ञान होते. गावच्या वेशीवर जायला आजही इतकेच पुरते.